वडिलांच्या निगेटिव्हसाठी घरी नॅस बसवताना

माझ्या वडिलांनी १९९१-९२, २००३-०४ आणि २०१५ अशा तीन सिंहस्थांत नाशिकच्या रामकुंड आणि गोदाघाटावर छायाचित्रे काढली. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय नव्हता, तरीही प्रत्येक रिळावर तारीख, ठिकाण आणि प्रसंग लिहून ठेवण्याची त्यांची शिस्त व्यावसायिकाला शोभेल अशी होती. ऑगस्ट २०१६ च्या पुराचे पाणी सराफ बाजाराजवळच्या आमच्या जुन्या घरात शिरले तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम भिजून फोटो एकमेकांना चिकटले. निगेटिव्ह वरच्या फडताळात होत्या म्हणून वाचल्या. त्या स्कॅन करून ठेवायच्या हे तेव्हाच ठरले, पण स्कॅन केलेल्या फाईल ठेवायच्या कुठे, हा प्रश्न काम सुरू झाल्यावर खऱ्या अर्थाने समोर आला. ३५ मिलिमीटरची एक निगेटिव्ह ४००० डीपीआयने (इंचाला ४००० बिंदू) आणि १६ बिट रंगखोलीने स्कॅन केली, की साधारण सव्वाशे एमबीची टिफ फाईल तयार होते. गूगल खात्याबरोबर मिळणाऱ्या १५ जीबी मोफत जागेत अशा जेमतेम सव्वाशे फाईल बसतात, आणि गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झालेली आहे.

एका लॅपटॉपला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क हा स्वस्त पर्याय होता. परंतु स्कॅनिंग मी करतो, छायाचित्रांची माहिती वडील त्यांच्या संगणकावर भरतात आणि पत्नीच्या व माझ्या मोबाइलमधले फोटोही कुठेतरी उतरवून घ्यावे लागतात. अशा घरात एकच डिस्क या हातातून त्या हातात फिरत राहणे मला धोक्याचे वाटले. म्हणून राउटरला जोडून ठेवायची आणि घरातल्या सर्वांना एकाच वेळी वापरता येईल अशी साठवणुकीची पेटी, म्हणजे नॅस, घ्यायचे ठरवले. सायनॉलॉजी या कंपनीची दोन कप्प्यांची पेटी आणि ४ टीबीच्या दोन डिस्क अशी ही जुळणी झाली.

पेटीपेक्षा डिस्क निवडण्यात अधिक विचार करावा लागला. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात मी डिस्क मागितल्या तेव्हा दुकानदाराने आधी सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क पुढे केल्या. "साहेब, चोवीस तास चालणाऱ्याच आहेत, तुमच्या कामाला चालतील," असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, पण त्या डिस्क कॅमेऱ्यांचे चित्रीकरण खंड न पडता लिहिले जावे या हेतूने घडवलेल्या असतात, आणि मला नॅससाठी बनवलेल्या, सीएमआर पद्धतीच्या डिस्क हव्या होत्या. सीएमआरमध्ये डिस्कवरचे माग, म्हणजे माहिती लिहिण्याच्या गोल रेषा, एकमेकांशेजारी सुटे असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे एसएमआर डिस्कवर मधलाच एखादा भाग बदलायचा झाला, तर त्याच्या पुढचे मागही पुन्हा लिहावे लागतात, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सर्व माहिती तिच्यावर उतरवण्याची वेळ येते तेव्हा हे काम फार रेंगाळते. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. तेव्हापासून खोक्यावर नुसते 'नॅस' लिहिलेले पाहून डिस्क घेऊ नये, मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात तपासूनच घ्यावी, असे माझे मत आहे. दुकानदाराने माझ्यासमोर क्रमांक ताडून पाहिले आणि हव्या त्या डिस्क दोन दिवसांनी मागवून दिल्या.

जोडणी सोपी होती. डिस्क कप्प्यात सरकवल्या, पेटी राउटरला जोडली आणि ब्राउझरमधून तिची कार्यप्रणाली चढवली. दोन्ही डिस्क एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवतील अशी रेड १ (RAID 1) रचना निवडली आणि फाईलप्रणाली म्हणून बीटीआरएफएस घेतली, कारण स्नॅपशॉटची, म्हणजे फाईलींची त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोय तिच्यावरच मिळते. दोन डिस्कची बेरीज ८ टीबी असली तरी वापरायला जागा एकाच डिस्कची मिळते आणि तीही पडद्यावर ३.६ टीबी अशी दिसते. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. राउटरमध्ये पेटीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे वीज जाऊन आली तरी वडिलांच्या संगणकावरचा फोल्डर हरवत नाही.

खरी अडचण वेगाची निघाली. पेटी हॉलमध्ये राउटरजवळ आणि स्कॅनिंगचा संगणक आतल्या खोलीत, अशी मांडणी असल्याने फ्लॅट घेताना भिंतीतून टाकलेली लॅन केबल वापरायची होती. पहिला मोठा फोल्डर पाठवला तेव्हा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, जोडणीत तो ११० च्या आसपास असायला हवा. ११ च्या वेगाने १ टीबी उतरवायला पंचवीस तास लागतात आणि ११० ने अडीच. म्हणजे हा फरक सोसून घेण्यासारखा नव्हता. शिवाय ११ हा आकडाच बोलका होता, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो आणि १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात तेवढेच मिळते. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे होते, पेटीचेही होते, संगणकाचेही होते. तेव्हा शंका केबलवर आली. संगणक उचलून हॉलमध्ये आणला, लहान केबलने थेट राउटरला जोडला आणि वेग लगेच शंभरापलीकडे गेला. मग आतल्या खोलीतल्या भिंतीवरचे सॉकेट उघडले. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या होत्या, पण सॉकेटला फक्त नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या बसवलेल्या होत्या. निळी आणि तपकिरी जोडी मागे दुमडून चिकटपट्टीने बांधून ठेवली होती. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. ज्या वायरमनने हे काम केले होते, त्याच्या काळात इंटरनेटचा वेग पाहता कोणाला फरक जाणवला नसता. दोन्ही टोकांना आठही तारा रंगक्रमाने बसवून घेतल्या आणि प्रश्न सुटला. नॅस घेण्याचा विचार असलेल्या प्रत्येकाला मी सांगेन, की पैसे खर्च करण्याआधी घरातली सॉकेट उघडून पाहावीत. वाय-फायवरून फोटो पाहता येतात, पण असे मोठे स्कॅन रोज पाठवायचे काम तारेवरच करावे.

दुसरी अडचण मराठी असल्यामुळे आली, आणि तिची कल्पना मला कोणत्याही माहितीपत्रकाने दिली नव्हती. पेटी चोरीला गेली तर घरातली कागदपत्रे आणि फोटो कोणाच्याही हाती पडू नयेत म्हणून मी सामायिक फोल्डर कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्टेड, करून घेतला होता. वडील फाईलची नावे पूर्ण वाक्यासारखी देतात: 'सिंहस्थ २००३ रामकुंड पहाटे साधूंची मिरवणूक गांधी तलावाकडून येताना' अशी. अशा नावांच्या फाईल त्या फोल्डरमध्ये जाईनात. लहान नावाच्या बिनबोभाट जात होत्या. अशा कूटबद्ध फोल्डरमध्ये फाईलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेही प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. म्हणजे मराठी नावाला सगळी मिळून ४७ चिन्हे. 'मिरवणूक' या एका शब्दातच सात चिन्हे संपतात. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, नावच तोडायचं तर मग फोटो कशाचा ते कळणार कसं?" त्यांचे म्हणणे मला पटले. नावे छाटण्याऐवजी सिंहस्थाच्या छायाचित्रांसाठी वेगळा, साधा फोल्डर केला, कारण ती छायाचित्रे लपवून ठेवण्याचे काही कारणच नव्हते, आणि बँकेची व घराची कागदपत्रे तेवढी कूटबद्ध फोल्डरमध्ये ठेवली.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. दोन डिस्कवर एकच माहिती आहे म्हणजे बॅकअप झाला, अशी समजूत अनेक जाणत्या लोकांचीही असते. रेड १ एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, याहून अधिक काही करत नाही. एखादी फाईल चुकून पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. फाईल कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस आला, विजेचा दाब वाढून पेटीच जळाली किंवा घरात पाणी आले, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. डिस्कच्या बिघाडाची चाचणी मी सुरुवातीलाच, मोलाची माहिती भरण्याआधी, मुद्दाम घेतली: पेटी चालू असताना एक डिस्क ओढून बाहेर काढली. पेटीने बीप-बीप असा इशारा सुरू केला, दिव्याचा रंग बदलला, पण उघडलेले छायाचित्र पडद्यावर तसेच राहिले आणि दुसरेही उघडले. डिस्क परत बसवून दुरुस्तीचा आदेश दिला. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी दीडशे एमबीने पूर्ण लिहायची म्हटले तरी सात तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळा भार उरलेल्या एकाच डिस्कवर असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळ्या बॅकअपची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून मी तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा नियम पाळला. पेटीतले स्नॅपशॉट रोज रात्री आपोआप घेतले जातात. पुसलेली किंवा बदललेली फाईल त्यांतून जुन्या स्थितीत मिळते, मात्र ते त्याच डिस्कवर असल्याने मी त्यांना प्रत म्हणून मोजत नाही. पेटीला यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर दर आठवड्याला बॅकअप जातो. तशीच दुसरी डिस्क इंदिरानगरला बहिणीकडे असते आणि महिन्यातून एकदा मी त्या दोघींची अदलाबदल करतो. जुने घर नदीच्या पट्ट्यात होते. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पूर मोजणाऱ्या गावात सगळ्या प्रती एका छताखाली ठेवणे मला मान्य नाही.

बाहेरून पेटी वापरता यावी, ही पत्नीची मागणी होती. राउटरमधला पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट पेटीपर्यंत येण्याची वाट, उघडून देण्याचा सल्ला मला मिळाला होता, तो मी घेतला नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्यांना लक्ष्य करून मालकांच्या फाईल कुलूपबंद केल्या होत्या; घरातले फोटो पाहण्यासाठी इतका धोका पत्करण्यात अर्थ नाही. शिवाय राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा होता. याचा अर्थ अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरत होते आणि पोर्ट उघडूनही उपयोग झाला नसता. पेटीवर आणि दोघांच्या मोबाइलवर टेलस्केल हे ॲप बसवले. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीच्या आधारे आमच्याच उपकरणांत खासगी जाळे तयार करते आणि राउटरमध्ये काहीही उघडावे लागत नाही. अँड्रॉइड फोनवर मात्र फोटोच्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळावे लागते, नाहीतर फोटो आपोआप चढणे मध्येच थांबते.

विजेची व्यवस्थाही तितकीच आवश्यक ठरली. वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज जाते-येते. इन्व्हर्टर असला तरी पेटीसाठी मी स्वतंत्र लहान यूपीएस घेतला आणि त्याची यूएसबी तार पेटीला जोडली. वीज गेली की पेटीला ते कळते आणि ठरवलेल्या वेळेनंतर ती लिहिणे थांबवून स्वतःच व्यवस्थित बंद होते. ही तार न जोडता नुसता यूपीएस ठेवला तर त्याची बॅटरी संपताच पेटी तशीच झटक्यात बंद पडते, म्हणून ती तार विसरू नये.

वडील आता जेवणानंतर संगणकासमोर बसतात आणि एकेका रिळाची माहिती भरतात. १९९१-९२ च्या सिंहस्थाची रिळे संपली असून २००३ ची सुरू आहेत. बॅकअप उघडतो की नाही हे पाहण्यासाठी मी पाडव्याला आणि खंडेनवमीला यूएसबी डिस्कवरून एक फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून त्यातल्या फाईल उघडून पाहतो. पेटीचा पत्ता, खात्यांची नावे, कूटबद्ध फोल्डरची किल्ली आणि डिस्क बदलण्याची कृती मराठीत लिहून त्याची एक प्रत बहिणीच्या कपाटात ठेवली आहे, आणि मी घरी नसताना तो कागद वाचून पत्नीने एकदा पेटी बंद करून पुन्हा सुरूही केली आहे.