दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो

फोनवरचं पहिलंच वाक्य होतं, "काका, बोर्डाच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय आणि दिवा मात्र एकही लागत नाही." वायरिंगच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. हे वाक्य कानावर पडलं की मी पुढचं काही विचारत बसत नाही. मेन स्विच बंद करा आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका, एवढंच सांगतो.

त्या दिवशी हे सांगायला एक रात्र उशीर झाला होता. मागच्या दोन खोल्यांतले दिवे संध्याकाळी गेले, तेव्हा घरातल्या थोरल्या मुलाने आधी बल्ब बदलून पाहिला. मग होल्डर सैल असेल म्हणून त्याची वायर सोडवायला घेतली. स्विच बंद केलेला होता. शिवाय त्याचा हात लागला तो काळ्या वायरला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या न्यूट्रलला. तरी असा झटका बसला की तो लोखंडी स्टुलावरून खाली आला. रात्रीच डॉक्टरांकडे नेलं, कार्डिओग्राम काढला, तो व्यवस्थित निघाला. सकाळी मी पोचलो तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता, "स्विच बंद, वायर न्यूट्रलची. मग झटका बसलाच कसा?"

मला वाटतं, वीज शिकायला सुरुवात करणाऱ्याला हा एक प्रश्न नीट समजला तर निम्मा विषय समजला. माझ्याबरोबर काम शिकणाऱ्या मुलाला त्या वेळी कामाला लागून जेमतेम चार महिने झाले होते. त्याला म्हटलं, आज घाई करायची नाही, हातातलं काम बाजूला राहिलं तरी चालेल.

त्यांच्याकडे आदल्या रात्री कुणी एक जण येऊन गेला होता. "दोन फेज एकत्र आलेत, बाहेरून बिघाड आहे," असं सांगून तो निघून गेला. त्याचा तर्क उघड होता : टेस्टर फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरला, पेटतो, दोन्हीकडे पेटला, म्हणजे दोन्ही फेज. पण टेस्टर काय सांगतो? त्याच्या आत एक निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्याशी ओळीने जोडलेला साधारण दहा लाख ओहमचा रोध, म्हणजे करंट अडवणारा भाग, असतो. आपण मागच्या टोकाला बोट लावतो तेव्हा अंगातून जमिनीकडे मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाचा, काही अंश एवढाच प्रवाह जातो, तो जाणवतही नाही. तेवढ्यावर निऑन पेटतो. म्हणजे टेस्टरने सांगितलं ते एवढंच की या टोकाचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, जमिनीपेक्षा बराच वेगळा आहे. हा दाब कुठून आला आणि त्यातून दिव्याला लागेल एवढा प्रवाह निघेल का, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

मी मल्टिमीटर काढला, मेन चालू करायला लावलं आणि मागच्या खोलीतल्या सॉकेटवर तीन मापं घेतली. फेज आणि अर्थिंग, म्हणजे जमिनीला जोडलेली वायर, यांच्यात 230 व्होल्ट. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातही जवळजवळ तेवढेच. आणि फेज व न्यूट्रल यांच्यात शून्य. माझ्या शिकाऊ मुलाने वहीत आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. दोन्ही वायरी 230 वर आणि त्यांच्यात फरक शून्य.

"व्होल्ट नेहमी दोन ठिकाणांमधले असतात," मी म्हटलं. "एका वायरचे व्होल्ट असं काही नसतंच. दोन माणसं एकाच मजल्यावर उभी असली तर जमिनीपासून दोघंही उंचावर, पण एकमेकांपेक्षा उंच कुणीच नाही." दिव्याला त्याच्या दोन टोकांमधला फरक लागतो. तो नसेल तर दिवा लागणार नाही, मग टेस्टर कितीही लखलखीत पेटो.

न्यूट्रलच्या भोकात एवढा दाब आला कुठून, हे दाखवायला मी त्या दोन खोल्यांतल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढायला लावले आणि स्विच बंद केले. न्यूट्रलवरचे व्होल्ट लगेच कोसळले. पूर्ण शून्य झाले नाहीत, मीटरवर चाळीस-पन्नासच्या आसपास आकडा हलत राहिला. शेजारून जाणाऱ्या फेजमुळे मोकळ्या तारेवर असा पोकळ दाब येतो आणि चांगल्या मीटरचा स्वतःचा रोध फार मोठा असल्याने तो त्यालाही दिसतो. टेस्ट लॅम्पची, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या साध्या बल्बची, टोकं लावली की तो जागीच नाहीसा होतो. मग मी फक्त खोलीतल्या हीटरचा प्लग परत लावून स्विच चालू केला. न्यूट्रलवर पुन्हा 230.

"म्हणजे हीटरमधून फेज इकडे आला?" शिकाऊ मुलाने विचारलं. हो, अगदी तसंच. पुढे न्यूट्रल कुठेतरी तुटला होता. हीटरची तार फेजला जोडलेली, दुसरं टोक तुटक्या न्यूट्रलला. परतीची वाट बंद, म्हणून प्रवाह शून्य. 1827 साली गेओर्ग ओहम यांनी मांडलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो : रोधावर पडणारा दाबातला फरक म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाहच शून्य असला तर गुणाकारही शून्य. मग हीटरच्या अलीकडे जो दाब, तोच पलीकडे. तिथून तो त्या खोल्यांतल्या प्रत्येक काळ्या वायरवर, प्रत्येक होल्डरच्या न्यूट्रल टोकावर जाऊन बसला. संध्याकाळी वीज गेली तेव्हा हीटर चालू होता, तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. थंड पडलेला हीटर चालू आहे असं कुणाला वाटणार?

थोरला मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या दिव्याचा स्विच फेज तोडत होता, न्यूट्रल नाही. म्हणून स्विच बंद असूनही काळी वायर जिवंत होती. 2000 वॅटच्या हीटरचा रोध सव्वीस-सत्तावीस ओहम, म्हणजे माणसाच्या अंगापुढे नगण्य. ओल्या त्वचेला अंगाचा रोध हजार-दोन हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी, स्टूल लोखंडी. दोन हजार धरले तरी शंभर मिलिअँपिअरच्या वर प्रवाह होतो आणि तेवढा काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. तो पडला म्हणून हात सुटला. हे सांगताना मला बोलायला जड गेलं, कारण त्याची आई मागेच उभी होती. पण खरं होतं ते सांगणं भागच होतं.

परतीच्या वाटेबद्दल मी नेहमी रहाटाचं उदाहरण देतो. रहाटाचे भरलेले पोहरे वर येतात, पाणी ओततात आणि रिकामे खाली जातात. जेवढे वर, तेवढेच खाली. माळ कुठेही तुटली, भरलेल्या बाजूला किंवा रिकाम्या, तरी सगळा रहाट थांबतो. करंटचं हेच आहे. दिवा करंट खात नाही. फेजने जेवढा करंट येतो, तेवढाच न्यूट्रलने परत जातो, आणि दिव्यात उतरते ती ऊर्जा. पुष्कळ शिकाऊ मुलांची समजूत असते की न्यूट्रल म्हणजे उरलासुरला करंट नेणारी हलकी वायर. ही समजूत मोडायला मला दरवेळी वेळ द्यावा लागतो आणि तो मी देतो.

आता तुटलंय कुठे? पुढच्या खोल्या नीट चालत होत्या. म्हणजे शेवटचा चालणारा पॉइंट आणि पहिला न चालणारा पॉइंट यांच्या मधेच काहीतरी. मधल्या भिंतीवर छताजवळ एक जुना जंक्शन बॉक्स होता. मेन बंद केला, फ्यूज काढून माझ्या खिशात ठेवले. मग टेस्ट लॅम्प आधी माझ्या सोबतच्या इन्व्हर्टरवर पेटवून पाहिला, नंतर बॉक्समध्ये, नंतर पुन्हा इन्व्हर्टरवर. दिवा पेटला नाही तो वीज नाही म्हणून, की लॅम्पच मेला म्हणून, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

झाकण काढताच जळकट वास आला. तीन न्यूट्रल वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला होता. टेप वितळून पुन्हा घट्ट झाला होता, सुकलेल्या डिंकासारखा. सुरीने सोलला तर आत तांब्याचा रंग राहिलाच नव्हता, सगळं काळपट. त्यातली मागे जाणारी वायर बोटाने हलवली तर अलगद निघून हातात आली.

हे एका दिवसात झालं नव्हतं. पीळ सैल झाला, तांब्यावर काट चढली, जोडाचा रोध वाढला. समजा तो अर्ध्या ओहमपर्यंत गेला. हीटरचा करंट साडेआठ अँपिअरच्या आसपास. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत छत्तीस-सदतीस वॅट उष्णता. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, तर इथे त्याहून जास्त, तेही टेपच्या आत कोंडलेली. गरम झालं की काट वाढते, काट वाढली की आणखी गरम. फ्यूज मात्र शांतच राहणार, कारण सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. फ्यूज जास्त करंटला जळतो, जोडाच्या तापमानाचा त्याला पत्ता नसतो. मागच्या महिन्यात हीटर लावला की दिवे जरा मंद व्हायचे, हे घरच्या आजोबांना तेव्हा आठवलं. तो या जोडाचाच निरोप होता.

दुरुस्तीत सांगण्यासारखं थोडंच आहे. काळी पडलेली टोकं छाटत छाटत लालसर चकाकणारं तांबं लागेपर्यंत मागे आलो, स्क्रूचा कनेक्टर बसवला आणि प्रत्येक वायर ओढून पाहिली. मेनजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला त्यांना राजी केलं आणि तो त्याच दुपारी बसवला. तो जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटची सतत तुलना करतो, रहाटाचे वरचे आणि खालचे पोहरे मोजावेत तशी. अंगातून जमिनीकडे काही निसटलं की दोन्हींचा मेळ चुकतो आणि तो क्षणार्धात वाट तोडतो. झटका त्यानेही बसतो, पण फार थोडा वेळ.

सगळं चालू केल्यावर मापं घ्यायचं काम मी शिकाऊ मुलाला दिलं. हीटर बंद असताना फेज-न्यूट्रल 231. हीटर लावल्यावर 228. मग त्याने मी न सांगताच न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मीटर लावला. दीड व्होल्ट आले. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"शून्य का नाही आले, काका?"

मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ मीटरकडे बघत राहिला, मग हीटरचा स्विच बंद केला. आकडा शून्याला टेकला. पुन्हा चालू केला, पुन्हा दीड.

"वायरलाही थोडा रोध आहे," तो म्हणाला, "आणि आता तिच्यातून करंट परत जातोय."

ते त्याने वहीत तिन्ही आकड्यांच्या खाली लिहिलं, आणि तो काळा पडलेला जोड चिकटपट्टीने त्याच पानावर लावून ठेवला.