डाग नसलेला सूर्य

सूर्यावर डाग नाहीत म्हणजे सूर्य निवांत, ही समजूत काही केल्या जात नाही. साध्या सौर फिल्टरमधून थाळी कोरी करकरीत दिसते; त्याच वेळचं १९.३ नॅनोमीटरचं अतिनील चित्र उघडावं, तर मधोमध एक काळा ऐसपैस पट्टा. कोरोनल होल, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातलं (कोरोनातलं) ‘भोक’.

खड्डा वगैरे काही नसतो तिथे. वायू विरळ आणि आसपासपेक्षा थंड, म्हणून काळा दिसतो. इतरत्र चुंबकीय रेषा कमानीसारख्या वळून पुन्हा सूर्यावर टेकतात आणि वायूला धरून ठेवतात. इथे त्या थेट अवकाशात निघून जातात. मग सेकंदाला ५०० ते ८०० किलोमीटरचा सौर वारा, म्हणजे भारित कणांचा झोत, सुटतो. संथ वारा ३००-४०० चा.

जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञ बार्टेल्सने १९३० च्या दशकात पाहिलं होतं की पृथ्वीवरची काही चुंबकीय वादळं दर २७ दिवसांनी परततात, म्हणजे सूर्याची स्वतःभोवती एक फेरी झाली की. पण त्या जागी डाग सापडेना. उत्तर मिळायला १९७३ चं स्कायलॅब हे अमेरिकी अंतराळ स्थानक आणि त्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणी यायला लागल्या. डागांकडेच बघत बसण्याची खोड जुनीच म्हणायची!

सौरचक्राच्या, म्हणजे डाग वाढण्या-घटण्याच्या साधारण ११ वर्षांच्या चक्राच्या, तळाशी मोठी होल्स ध्रुवांवर असतात, त्यांचा वारा बहुतेक आपल्याला चुकवून जातो. चक्र उतरू लागलं, डाग कमी झाले, की होल्स विषुववृत्तापर्यंत पसरतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. खरी गंमत त्या वर्षांत.

हिशेब सोपा आहे. १५ कोटी किलोमीटर, वेग ६००: साधारण तीन दिवस. तेवढ्यात होल ४० अंश पश्चिमेला सरकलेलं असतं, म्हणून वारा सुरू झाल्यावर थाळीच्या मध्यावर त्याला शोधू नये. पृथ्वीच्या अलीकडे, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ बिंदूवरच्या यानांत आधी घनता आणि चुंबकीय क्षेत्र उसळतं, कारण वेगवान वारा पुढच्या संथ वाऱ्याला दाबत येतो. मग घनता पडते, वेग चढतो.

फसायला होतं ते फिलामेंटमुळे, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेल्या थंड, दाट वायूच्या लांबट पट्ट्यामुळे. तेही काळंच दिसतं. चुंबकीय नकाशा बघावा: होलखाली एकाच ध्रुवतेचा (उत्तर किंवा दक्षिण) जोर असतो, फिलामेंट मात्र दोन ध्रुवतांच्या सीमेवर पडलेलं असतं.

आणि हे सगळं जुळलं, वेग ७०० झाला, तरी वाऱ्यासोबतचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे राहिलं तर पृथ्वीवर फारसं काही घडत नाही. ती दिशा होलच्या चित्रावरून कळत नाही. बघू, २७ दिवसांनी तोच पट्टा पुन्हा समोर येईल. बहुधा.