स्वालबार्डचा किनारा: प्रत्येक रेषेला तारीख हवी

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक द्वीपसमूहाच्या, म्हणजे स्वालबार्डच्या नकाशाचं काम घेताना आधी ठरवायचं की किनारा म्हणायचं कशाला. खडकाळ भागात सरासरी भरतीची रेषा धरली की भागतं. ऑस्टफोन्ना या हिमटोपीसारख्या ठिकाणी मात्र बर्फच थेट समुद्राला भिडतो आणि ती कड सतत हलते. तिला नकाशात वेगळा थर द्या आणि ती ज्या हवाई फोटोवरून काढली त्याची तारीख जोडा. कोंग्सफ्योर्डमधलं ब्लोमस्ट्रांडहाल्वोया जुन्या नकाशांवर द्वीपकल्प आहे. जोडणारी हिमनदी मागे सरली आणि ते बेट निघालं! सर्वेक्षकाची चूक नव्हती, नकाशा त्याच्या काळापुरता बरोबरच होता.

खरी डोकेदुखी उंचीची. जीपीएस रिसीव्हर एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरची उंची देतो; जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग, तिथे तीसेक मीटर वर आहे. ही गफलत लगेच पकडली जाते, कारण पुळणच डोंगरावर चढलेली दिसते. भरतीची वेळ न नोंदवल्याची चूक मात्र लपून राहते. पन्नासास एक उताराच्या गोटाळ किनाऱ्यावर पाणी 1 मीटर वर-खाली झालं की रेषा 50 मीटर सरकते. म्हणून ड्रोनच्या प्रत्येक उड्डाणाची वेळ लिहा आणि कोंग्सफ्योर्डवरच्या न्यू-ओलेसुंड या संशोधन गावातल्या भरतीमापकाशी ताडून पाहा.

जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी 55 अंशांच्या कोनात आहेत, त्यामुळे 79 अंश उत्तर अक्षांशावर डोक्यावर उपग्रह येतच नाही आणि उंचीची अचूकता घसरते. ग्लोनास ही रशियाची उपग्रह प्रणालीही चालू ठेवा. भूस्थिर उपग्रहांच्या दुरुस्त्या क्षितिजाला चिकटून येतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. स्वतःचं बेस, म्हणजे ज्ञात जागी स्थिर ठेवलेला रिसीव्हर लावा, दुरुस्तीचा हिशेब नंतर करा.

न्यू-ओलेसुंडभोवती 20 किलोमीटरपर्यंत 2 ते 32 गिगाहर्ट्झचं रेडिओ मौन असतं, तिथल्या रेडिओ दुर्बिणींसाठी. म्हणजे ड्रोनचा 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट परवानगीशिवाय बंद, रोव्हरचं, म्हणजे सोबत फिरवायच्या रिसीव्हरचं ब्लूटूथही बंद. केबल सोबत न्याच. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे संशोधन स्थानक याच गावात आहे, तेव्हा आपल्याकडून जाणाऱ्यांनाही हे लागू.

किनाऱ्याच्या लांब चिंचोळ्या पट्टीवर ड्रोन उडवला की फोटोंपासून बनणारं भूभागाचं मॉडेल मधोमध फुगतं किंवा खचतं. नियंत्रण बिंदू, म्हणजे अचूक मोजलेल्या जागांच्या खुणा, फक्त पुळणीवर लावू नका, काही उतारावर चढवा. दोन-तीन समांतर फेऱ्या घ्या, एक कॅमेरा तिरका करून. शेजारच्या फोटोंचा ओव्हरलॅप 80 टक्के ठेवा, आणि फोटोंच्या जुळवणीआधी पाण्याचा भाग मास्क करून वगळा, लाटांवर खोटे बिंदू जुळतात.

यूटीएम झोन, म्हणजे नकाशा-प्रक्षेपणासाठी सहसा 6-6 अंश रेखांशांचे केलेले पट्टे, सॉफ्टवेअरवर सोडू नका. न्यू-ओलेसुंडचं रेखांश 12 अंशांच्या जरासं अलीकडे, म्हणून साधं सूत्र 32 देतं. पण स्वालबार्डमध्ये 32, 34 आणि 36 झोन वापरातच नाहीत. 9 ते 21 अंश पूर्व सगळं 33 मध्ये घ्यायचं.