तुती एकदाची छाटली

२५ जानेवारी, रविवार

पंधरा दिवस नुसत्या घिरट्या घालून झाल्यावर आज सकाळी सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, हातात घेतला. परसातल्या तुतीच्या फांद्या अशा सरसरून वाढलेल्या, की कापायला जीवच होईना.

मागच्या वर्षी याच मायेपोटी हात लावला नाही. झाड पत्र्याच्या वर गेलं, फळं धरली ती शेंड्यांना. कोकिळा नि बुलबुलांनी शिडीशिवाय खाल्ली, आम्हाला फरशीवरचे जांभळे डाग. जाळी टाकायचं मनात आलं होतं. पण जाळीत पाय अडकलेली साळुंकी एकदा सोडवली आहे, तेव्हा ते नाहीच.

दिवाळीत मामा आले तेव्हा हसले. त्यांची एकरभर तुती रेशमाच्या अळ्यांसाठी. पाल्याकरता वर्षाला चार-पाचदा कापतात. म्हणाले, "अगं, फळ धरतं नव्या फुटीवर. तू छाटतच नाहीस, मग फूट कुठली नि फळ कुठलं?"

छाटणी कमरेच्या उंचीवर केली. डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या कोंबाच्या, वर अर्धं बोट सोडून तिरका काप द्यायचा. कापलं की पांढरा चीक टपटप. उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढली, म्हणजे सगळे डोळे एकदम जागे होतात. दोन शेंडे आखडून गड्ड्यासारखे झाले होते. उलगडले तर आत पिठ्या ढेकूण, ती पीठ लावल्यासारखी पांढरी कीड, आणि मुंग्यांची लगबग. ते पिशवीत बांधून थेट कचऱ्यात. बाकीच्यातली पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची बेणी निवडून काकूंना लावायला दिली. मग बुंध्याभोवती आळं उकरून दोन घमेली शेणखत, वर पाणी.

पिकलेली तुती तोडली की हिरवा देठ सोबत येतोच, आणि त्याच्याभोवतीचा एकेक मणी म्हणजे एकेका फुलाचं फळ. हे कळल्यापासून मी तुती सावकाश खाते. लेक मात्र मूठभर तोंडात कोंबते. तिच्या बोटांचे डाग काढायला काकूंचा उपाय कच्ची तुती चोळायचा. साबणापेक्षा बरा.

दुपारी सासूबाई मागच्या दारात आल्या. "एवढं बोडकं? खराटाच केलास की!" मी पंधरा दिवस थांबा म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. कांदे चिरताना बोटं एकमेकांना चिकटत होती तेव्हा लक्षात आलं, चीक साबणाने निघालाच नव्हता. शेवटी फणस चिरल्यावर लावतो तसं खोबरेल चोळलं.