काळ्या-पांढऱ्या प्रिंटमधला लपलेला रंग

काळी-पांढरी प्रिंट निव्वळ काळी-पांढरी कधीच नसते. पाटणादेवीच्या देवळाचा फोटो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान करडा दिसतो आणि जळगावच्या उन्हात धरला की सावल्या हिरवट! इथे डोळ्यांवर भरवसा नको, रंग आकड्यांत मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटरच हवा.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 21 पायऱ्यांची पट्टी त्याच कागदावर, त्याच सेटिंगने छापा आणि 24 तास वाळू द्या. भुसावळच्या मे महिन्यात कागद लगेच कोरडा लागतो, पण शाई तेवढ्यात स्थिरावत नाही. मोजताना पट्टीखाली त्याच कागदाचे तीन-चार कोरे ताव ठेवा, नाहीतर टेबलाचा रंग आकड्यांत उतरतो.

आता लॅब आकडे, म्हणजे प्रत्येक पायरीच्या रंगाचे एल, ए आणि बी हे तीन आकडे. एल म्हणजे उजळपणा. ए धन असेल तर लालसर, ऋण असेल तर हिरवट. बी धन तर पिवळसर, ऋण तर निळसर. एल आडवा घेऊन ए आणि बीचा आलेख काढा. रेषा शून्यावर नसली तरी बिघडत नाही, ती मध्येच वळते का ते बघा. मध्यछटांपासून सावल्यांपर्यंत बी +3 च्या आसपास असेल तर तो ऊबदार टोन झाला. पण सावलीत −2 आणि मध्यछटांत +4 आले, तर एकाच चेहऱ्यात दोन रंग दिसणार.

उजळ टोकाला रेषा निळ्याकडे झुकली तर शाईला दोष देऊ नका. आधी कोरा कागद मोजा. ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून वापरलेलं, अतिनील प्रकाशात निळसर चमकणारं रसायन, घातलेल्या कागदाचा बी मुळातच ऋण येतो. अतिनील प्रकाश धरून मोजणारा एम1 आणि अतिनील गाळणारा एम2, यंत्रातल्या या दोन्ही पद्धतींनी मोजलं की ब्राइटनरचा वाटा किती, ते फरकातून कळतं.