पाच एचपीची मोटर आणि कुपवाडची नोकरी

एप्रिलमध्ये आमच्या तासगाव भागात मोटर जळाली की घरात सुतक पडतं. द्राक्षबागेची खरड छाटणी झालेली असते, डोळे फुटायला पाणी लागतं, आणि थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री उठायला नको म्हणून लोक ऑटो बसवतात, लाइट आली की मोटर आपोआप चालू. मधेच एक फेज गेली तर मोटर दोन फेजवर पळत राहते आणि जळते. त्यावर फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर मिळतो, लोक तो घेतातही. पण सारखा ट्रिप होतो म्हणून महिनाभरात वायरमनकडूनच बायपास करून घेतात.

उन्हाळा म्हणजे माझ्यासारख्या रिवाइंडिंगवाल्याची, जळालेल्या मोटरीत नवी तार भरणाऱ्याची, सुगी, असं सगळे म्हणतात. कामाची सुगी आहे खरी. पैसे मात्र बेदाण्याचा सौदा झाल्यावर. मला तांब्याची तार रोखीने आणावी लागते आणि तिचा भाव रोज वेगळा. उद्योजकतेच्या शिबिरात एक साहेब सांगून गेले, ‘स्वतःचा मालक स्वतः व्हा.’ माझे मालक तालुकाभर पसरलेत आणि सगळ्यांना मोटर आजच पाहिजे.

या उधारीलाच कंटाळून मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या जागेसाठी भेटून आलो होतो. पगार ठरलेला, पीएफ, रविवारी सुट्टी. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. घरच्यांच्या दृष्टीने तो विषय संपलेलाच होता.

त्याच दिवशी सकाळी एक आप्पा पाच एचपीचा मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र) टेम्पोत घालून आले. जुनं गिऱ्हाईक, पण मागच्या खेपेला माझा दर जास्त वाटला म्हणून दुसरीकडे गेले होते. नजर चुकवतच म्हणाले, “मिस्त्री, बघा जरा. चार म्हैनं बी न्हाई चालली.”

उघडली. स्टार जोडणीत सिंगल फेजिंगने, म्हणजे एक फेज गेल्याने, जळालेली मोटर लगेच ओळखू येते: दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी तशीच स्वच्छ. इथे सगळं वाइंडिंग सारखंच करपलेलं. बाहेर आलेल्या वायरी तांब्याच्या. स्लीव्ह मागे सारली तर आत नुसता पिळा मारलेला, डाग (सोल्डर) नाही. तिथेच शंका आली. तार ब्लेडने खरवडली तर खाली पांढरी. अॅल्युमिनियम! त्यावरचं इनॅमल तांबूस असतं, त्यामुळे नवी कॉइल बघून गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

अॅल्युमिनियम वाईट असतं असं नाही. पण त्याला तांब्याच्या सुमारे सव्वापट जाड तार लागते आणि तेवढी जागा त्या स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसवायच्या खाचेत, नसते. मग तांब्याच्याच गेजची (जाडीची) तार भरायची, पैसे तांब्याचे घ्यायचे आणि मोटर तापत राहणार. असलं काम करणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. वर स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग, ज्यात वाइंडिंग असतं) जाळून जुनी तार काढलेली, म्हणजे त्याच्या पत्र्यांच्या थरांचं, स्टॅम्पिंगचंही नुकसान. मी एका बाजूने छिन्नीने कॉइल कापतो आणि दुसरीकडून ओढून काढतो. वेळ दुप्पट जातो, पण आगीला हात लावत नाही.

आप्पांना तार दाखवली, वजन करून दाखवलं. तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, काटा खोटं बोलत नाही. आप्पांनी तार हातात घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाले, “पण मानूस लई गोड बोलतोय हो.”

माझी वही निघाली. या मोटरचा जुना डेटा तिच्यात होता: चोवीस स्लॉट, पिच (कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते) १-१२ आणि २-११, टर्न म्हणजे वेढे, गेज. नवा इन्सुलेशन पेपर घातला, कॉइल बसवल्या, बांधल्या. जोड खरवडून, डाग मारून स्लीव्हमध्ये घेतले. आत दोनशे वॅटचा बल्ब लावून गरम केलं, मग वार्निश सोडलं. कारखान्याचा फोन आला तेव्हा हात वार्निशने भरलेले, म्हणून पोराने उचलला आणि “मिस्त्री कामात हायत” म्हणून ठेवून दिला. हात पुसून मी परत फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

रात्री बायकोने कारण विचारलं. मी तिला त्या पांढऱ्या तारेचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग त्याचा आणि नोकरीचा काय संबंध?” संबंध आहे हे मला पक्कं माहीत आहे, पण तो तिला पटेल असा अजून सांगता आलेला नाही. कारखान्यातही मोटरीच होत्या.

बिलाची तर वेगळीच गंमत. एरवी जुन्या तांब्याची मोड बिलातून वजा होते. या खेपेला वजा करायला तांबंच नव्हतं, त्यामुळे आप्पांना माझं बिल नेहमीपेक्षाही जास्त लागलं. निम्मे दिले, निम्मे सौद्यानंतर. मोटर बिनघोर चालू आहे.

परवा त्यांचा शेजारी आला, त्याचीही मोटर जळालेली. मला वाटलं, आप्पांनी माझं नाव सांगितलं. सांगितलंच होतं. तो टेम्पोतून न उतरताच म्हणाला, “मिस्त्री, ते आप्पाच्या मोटरीत निघालं तसलं अॅल्युमिनियम भरलं तर कितीत पडंल?”

मी भरत नाही म्हणालो. त्याने टेम्पो वळवला.