तीन पिस्टन आणि केरीचा फणस

तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तो रविवार होता, १६ मे २०२१. मंगळवारी सकाळी साखळीतल्या माझ्या वर्कशॉपात वीज नव्हती, त्यामुळे लेथ बंद. कोविडच्या कर्फ्यूमुळे कुठला पार्ट मागवायचीही सोय नव्हती. आणि सत्तरी तालुक्यात जिकडे तिकडे झाडं आडवी झालेली. ज्याच्या घरी चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, होती तो बाहेर पडला होता आणि ज्याची बंद पडली तो माझ्या दारात होता.

नऊच्या सुमारास केरीचा एक झाडकाप्या स्कूटरवर गोणपाटात मशीन बांधून आला. हुस्क्वार्ना ३७२ चेनसॉ, त्यातलं नवं एक्स-टॉर्क मॉडेल, पिस्टन सीझ, म्हणजे सिलिंडरमध्ये चिकटलेला. एका घरावर फणस मुळांसकट कललेला होता, छपराचे नळे, म्हणजे कौलं, फुटलेले, घरातली माणसं शेजारी जाऊन राहिली होती. पाऊस परत यायच्या आत झाड उतरवायचं होतं. त्याच गोणपाटातून त्यानं एक नवा खोका काढला.

"भाऊ, हाच घाला. पिकअप दुप्पट होतो म्हणाले. मापाचाच आहे, पन्नासचा."

खोक्यातला पिस्टन दिसायला देखणा होता. डोकं मध्ये उचललेलं, म्हणजे दाब वाढावा म्हणून केलेला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर हेही बरोबर. पण नव्या पिस्टनकडे बघण्याआधी मी जुना बघतो. कशानं मेला ते त्याच्याच अंगावर लिहिलेलं असतं. चारी बाजूंनी ओरखडे असतील तर पेट्रोलमध्ये ऑइल घातलेलं नाही. इनटेकच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून धूळ जाते. याला ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होते, खोल आणि उभे. ऑइल तो नेमानं लिटरला वीस मिलि घालणारा माणूस. म्हणजे कुठून तरी चोरटी हवा आत जात होती, मिश्रण पातळ होत होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पिस्टन तापून चिकटला होता.

इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून हातपंपानं थोडी हवा भरली, सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी बारीक बुडबुडे आले. "हे बघ," म्हटलं, "हा सील तसाच ठेवला तर सोन्याचा पिस्टन घातला तरी परवा परत इथंच येशील." सील माझ्याकडे होता, बदलला.

सिलिंडर वाचला होता. त्याला आतून निकेलचा कडक मुलामा असतो, तो घासून बोअर मोठा करता येत नाही. पण वर चिकटलेलं ॲल्युमिनियम ॲसिडनं निघतं. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून जपून लावलं. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडेला ॲल्युमिनियम उघडं असतं, तिथं थेंब गेला तर सिलिंडरच खाल्ला जातो. फेस येईनासा झाला तेव्हा धुतलं. खाली मुलामा शाबूत होता.

आता पिस्टन. टू-स्ट्रोकला वेगळे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनची वरची कड धूर बाहेर सोडणारं एक्झॉस्ट आणि नवं मिश्रण वर आणणारं ट्रान्सफर उघडते, खालचा स्कर्ट इनटेक उघडतो आणि एक्झॉस्ट झाकून धरतो. म्हणून मी नुसता बोअर बघून पिस्टन निवडत नाही. पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, स्कर्टची लांबी-रुंदी, पिनची जाडी, रिंगची टोकं अडवणारी खुंटी, सगळं वर्निअरनं जुन्याशी ताडतो.

त्याच्या पिस्टनच्या बाजू सपाट होत्या. एक्स-टॉर्कच्या पिस्टनला दोन्ही अंगांना खोलगट खिसे असतात. त्यांतून निव्वळ हवा ट्रान्सफरच्या वाटेत शिरते आणि जळका धूर पुढे ढकलते, म्हणजे न जळलेलं पेट्रोल त्याच्याबरोबर वाया जात नाही. हा पिस्टन जुन्या ३७२ चा होता. तो घातला असता तर हवेची ती वाटच बंद. वर काट्यावर तो मूळ पिस्टनपेक्षा सहा ग्रॅम जड भरला, आणि क्रँकचं वजन मूळ पिस्टनच्या हिशेबानं तोललेलं असतं.

"पैसे मोजलेत भाऊ मी त्याला," तो म्हणाला. मला वाईट वाटलं. विकणाऱ्यानं मशीन कोणती ते विचारलंही नव्हतं.

मग त्याची नजर फळीवरच्या ५२ च्या किटवर गेली. सिलिंडरसकट होतं. स्ट्रोक ३६, म्हणजे ७०.७ सीसीचे ७६.५ होतात. मोह मलाही होता. पण त्या सिलिंडरच्या पोर्टच्या कडा कोऱ्या धारदार होत्या, रिंग अडकून तुटायला एक कड पुरते. त्या तासून गोल करायला वेळ लागतो आणि घाईत मी ते काम करत नाही. एकदा केलं होतं. रिंगचा तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडला आणि नव्या सिलिंडरवर नखभर चर ठेवून गेला. तो सिलिंडर अजून माझ्या टेबलावर आहे.

तिसरा होता साधा ओतीव पिस्टन, खिसे असलेला, कसली जाहिरात नसलेला. मापं जुळली. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट मोजली, ०.३. तोच घातला. बाण एक्झॉस्टकडे, पिनची लॉकं नवी, त्यांची उघडी तोंडं खाली.

पण त्याला ताकद हवी होती, आणि ती मागणी मला रास्त वाटली. सोल्डरची तार आत घालून क्रँक फिरवला, पिस्टननं चेपलेली तार मोजली, डोक्याशी ०.९५ मिलिमीटर जागा होती. ही जागा कमी केली की दाब वाढतो. सिलिंडरखालचं मूळ पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरचं. ते काढून बिअरच्या कॅनच्या पत्र्याचं पातळ पॅकिंग कापलं. परत तार घातली, ०.५५. इतकं मला हवं होतं. मग पिस्टन अगदी वर नेऊन एक्झॉस्टमधून टॉर्च मारला. सिलिंडर खाली आला की स्कर्टखालून फट उघडण्याची भीती असते आणि नवं मिश्रण सरळ सायलेन्सरात जातं. स्कर्टनं पोर्ट पूर्ण झाकलं होतं.

दुपारी मी त्याच्याबरोबर केरीला गेलो. कार्बोरेटर मुद्दाम जड, म्हणजे थोडं पेट्रोल जास्त सोडणारा, ठेवला होता. मोकळ्यावर मशीन अडखळल्यासारखी बुडबुडत होती, लाकडात शिरली की आवाज स्वच्छ होत होता. त्यानं आधी फांद्या उतरवल्या, मग दोर बांधून बुंधा तुकड्यातुकड्यानं. घाई केली नाही. पाचव्या कापानंतर मी मशीन थांबवायला लावली आणि प्लग काढला. टोक तांबूस तपकिरी होतं.

घरच्या आजीनं खाली पडलेले कच्चे फणस एका बाजूला लावून ठेवले होते. तिनं दोन माझ्या डिकीत घातले. शेवटचा ओंडका अंगणात येईपर्यंत डोंगराकडून काळं भरून आलं होतं आणि तीन पोरं छपरावर ताडपत्री ओढत होती.